कोटाच्या खिशातली पिठीसाखर

आमच्या सासऱ्यांना चहा करता येत नाही. आयुष्यभर शिवणाचं दुकान चालवलं, भल्या भल्या माणसांचे कोट शिवले, पण पातेल्यात पाणी किती ओतायचं हे त्यांना आजही विचारावं लागतं. म्हणूनच त्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "धाकटे, अक्रोड चिरण्याआधी भाजून घेत जा, कच्चट लागतात," तेव्हा माझ्या हातातली सुरी जागच्या जागी थांबली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? जिभेला कळतं की."

जिभेला कळतं म्हणे! कवळीत तुकडे अडकतात म्हणून हा माणूस अक्रोडाला हात लावत नाही. आदल्या दिवशी माझ्या ताटातल्या दोन कुकीज त्यांनी उचलल्या होत्या खऱ्या, पण त्या 'नंतर खातो' म्हणून रुमालात बांधून नेल्या होत्या.

वर्षअखेरच्या सुट्ट्या तोंडावर आल्या की आमच्याकडे या कुकीज होतात. लोणी, मैदा, भरपूर अक्रोड, लहान लहान गोळे, आणि वरून पिठीसाखरेचा जाड थर. पूर्वी आम्ही दोघी जावा मिळून करायचो. थोरल्या जाऊबाई पीठ मळायच्या आणि ओव्हन सांभाळायच्या, मी गोळे वळायची आणि साखर लावायची. कुणी वाटून दिलं नव्हतं, आपोआप पडत गेलं. मग दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर त्या हसत म्हणाल्या, "हिला काय, नुसती साखर तर लावायची असते." मीही हसतच म्हणाले, "साखर लावली नाही, तर तुमच्या कुकीज खाणार कोण?" अशा हसण्याहसण्यात आमचं बोलणं तुटलं, ते तुटलंच.

जाऊबाई राहतात याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. दोघे भाऊ मात्र एकाच दुकानात बसतात. थोरले कापड कापतात, आमचे हे शिवतात, आणि बायकांचा विषय निघाला की दोघेही मूग गिळून गप्प. भरडले गेले ते सासरे. सुट्टीच्या मोठ्या जेवणाला ते दुपारी तिकडे आणि संध्याकाळी इकडे बसायचे आणि दोन्हीकडे कडकडून भूक लागल्याचं सोंग करायचे.

या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी बजावलं, जिना चढायचा नाही. त्या रात्री जेवताना ते म्हणाले, "यंदा एकच टेबल मांडा. दोन्ही मुलं, दोन्ही सुना. मला आता दोन घरं होत नाहीत, आणि एका घरी घास उतरत नाही."

मी ताटं उचलली. मला नको होतं असं नाही. खरं तर मला तेच हवं होतं. पण मोठ्या त्या, तर त्यांनी यावं, की लहान मी, तर मी जावं, हा वाद मी ओट्याशी एकटीच घालायची आणि एकटीच हरायची.

तर, अक्रोड. मी ते भाजले. कुकीज एकदम सुधारल्या, आणि त्याचाही मला राग आला. दोन दिवसांनी सासरे पुन्हा दारात.

"पसरतात का गं तुझ्या? लोणी पाघळवू नकोस. आणि वळलेले गोळे थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेव."

"बाबा, तुम्हाला फ्रीजचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते तरी माहीत आहे का?"

त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं. "बरं, साखर कधी लावतेस? गरम असताना की गार झाल्यावर?"

साखरेचं विचारलं की मी फुशारते. "दोन्ही वेळा. कोमट असताना पहिला हात, पार गार झाल्यावर दुसरा. ओव्हनमधून काढल्या काढल्या लावली तर साखरेला पाणी सुटून ती चिकट होते."

"कोमट असताना पहिला, गार झाल्यावर दुसरा," ते पुटपुटले, आणि पाठ केल्यासारखं पुन्हा एकदा म्हणाले.

"तुम्हाला कशाला हवंय?"

"माणसाला माहिती असावी."

कुठेतरी पाणी मुरत होतं. पण सासऱ्यांची उलटतपासणी घ्यायची तर कशावरून घ्यायची?

कोटावरून. दुकानाची काजं-बटणं मी घरी बसून करते, त्यामुळे सासऱ्यांच्या कोटाचं सुटलेलं अस्तरही माझ्याकडेच आलं. ते आत झोपले होते. मी आतला खिसा उलटा केला आणि माझी काळी ओढणी पांढरी झाली. पिठीसाखरेसारखी चुगलखोर वस्तू दुसरी नाही. खिशात रुमाल होता, रुमालात एक कुकी.

ती माझी नव्हती. वर साखरेच्या ओलसर गुठळ्या होत्या आणि एक बाजू साफ उघडी. माझ्या हातून असं सात जन्मांत होणार नाही. मी तुकडा मोडून तोंडात टाकला. अक्रोड खरपूस होता, पीठ जिभेवर विरघळलं. दोन वर्षांत अशी कुकी मी खाल्ली नव्हती. उभ्या उभ्या सगळी संपवली आणि मग खुर्चीवर बसले.

म्हणजे जाऊबाईही तिकडे एकट्याच धडपडत होत्या. माझं पीठ बिघडत होतं, त्यांची साखर. मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. मग ते तीन मजले आठवले, आणि सासऱ्यांची रोज संध्याकाळची 'जरा पाय मोकळे करून येतो' ही फेरी.

ते उठून आले तेव्हा कोट माझ्या मांडीवर होता.

"बाबा, कवळीला अक्रोड मानवायला लागले वाटतं."

त्यांनी कोटाकडे पाहिलं, ओढणीकडे पाहिलं. "नाही मानवत," ते म्हणाले. "तुम्हा दोघींना मानवतात."

"जिना चढायचा नाही म्हणून सांगितलंय ना?"

"चढतो कुठे? दोन पायऱ्या चढायच्या की बसायचं, दोन पायऱ्या की बसायचं."

मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की सुई अस्तरात जाण्याऐवजी बोटात गेली.

"त्यांना माहीत आहे? कुकीज माझ्या आहेत ते?"

"पहिल्या घासाला ओळखलं तिनं. म्हणाली, धाकटीनं अक्रोड भाजले नाहीत." ते खुर्चीत टेकले. "मग दुसरीही खाल्ली."

त्या संध्याकाळी मी त्यांची काठी उचलून कपाटावर ठेवली. त्यांनी पाहिलं, पण मागितली नाही.

पण माझं काम अडलं होतं. अक्रोड जमले होते, लोणी जमलं होतं, तरी गोळे वळताना भेगा पडत होत्या. शेवटी जे दोन वर्षं केलं नाही ते केलं. सकाळी ह्यांचा डबा भरताना म्हटलं, "दुकानात भाऊजींना सांगा, घरी विचारा म्हणावं. पीठ वळताना फुटतं, किती मळायचं?"

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू भिंत बोलली. पण विचारलं खरं. रात्री उत्तर आलं. "दादा म्हणाला की वहिनी म्हणाली, ते सांगता येत नाही. हाताला कळतं."

सुंभ जळेल, पीळ जाणार नाही! माझ्या नाकावरचा राग जिभेवर आला. "मग हात पाठवून द्या म्हणावं!"

बोलून गेले आणि माझी मीच चरकले. पण हे तोवर हात धुवायला गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी आज्ञाधारक नवऱ्यासारखे शब्द न् शब्द पोचवून आले. एरवी कोथिंबीर सांगितली तरी विसरतात.

दुपारी मी पीठ काढून बसले. सासरे खिडकीशी खुर्चीत, अंगात कोट, कुठे जायचं नसताना. मी मुद्दामच दाराकडे बघत नव्हते. जाऊबाई आता आयुष्यात येणार नाहीत, आणि एक टेबल मांडायचं तेही माझ्याच तोंडाने घालवलं, असं मला अगदी पटलं होतं.

बेल वाजली.

जाऊबाई दारात उभ्या होत्या. केस थोडे पिकले होते. गल्लीत दिसल्या की मी मान वळवायची, आणि दोन वर्षांत ते मला कुणी सांगितलंही नव्हतं.

"हात मागवलास म्हणे," त्या म्हणाल्या.

मी बाजूला झाले. त्या सरळ आत गेल्या, हात धुतले, बाह्या वर केल्या आणि परातीत बोटं घातली. "कोरडं आहे. चमचाभर लोणी आण." मी आणलं. त्यांनी माझं मनगट धरून माझा हात पिठात दाबला, तळव्याने, सावकाश. "अजून. अजून थोडं. आता बघ, भेगा मिटल्या. इथे थांबायचं."

बरोबर इथेच थांबायचं होतं. हे कुणाला रुमालात बांधून आणता आलं नसतं.

पहिला ट्रे बाहेर आला. जाऊबाईंनी लगेच साखरेचं भांडं ओढलं. मी त्यांचा हात धरला.

"ताई, थांबा. कोमट होऊ द्या."

"बाबांनीही तेच सांगितलं. पण म्हणजे किती वेळ?"

"ते सांगता येत नाही," मी म्हटलं. "हाताला कळतं."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग त्या अशा हसल्या, की सासरे भिंतीला धरधरून स्वयंपाकघरात आले. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. गार होत चाललेल्या ट्रेशी उभे राहिले. मी साखरेचा पहिला हात दिला, थोड्या वेळाने दुसरा.

"टेबल इथेच मांडू," जाऊबाई साखर झटकत म्हणाल्या. "इथे जिना नाही. आमची मोठी पातेली ह्यांच्याकडून पाठवते."

सवयीने सासऱ्यांनी खिशातून रुमाल काढला, ओट्यावर पसरला, त्यात दोन कुकीज ठेवल्या आणि गाठ मारायला घेतली. अर्ध्यावर त्यांचे हात थांबले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आधी थोरलीकडे, मग माझ्याकडे.

मग त्यांनी गाठ सोडली, एक कुकी तिच्या हातावर ठेवली आणि दुसरी माझ्या.