अंजिराच्या जॅमचं गुपित

आम्ही चौघं घरीच अंजिराचा जॅम करून विकतो. समोरच्या दुकानात हुबेहूब आमच्याच चवीची बरणी दिसली, तेव्हाच मी ओळखलं, घरातलंच कुणीतरी फितूर झालंय. माझा संशय जावेवर. हल्ली फारच गोड बोलत होती बया!

मी सापळा लावला. यंदा जॅममध्ये नवीन काय घालणार, ते जावेला सांगितलं लवंग, दिराला दालचिनी आणि नवऱ्याला, उगाच आपलं, वेलची. प्रत्येकाला बजावलं, "हे फक्त आपल्या दोघांत."

आठवड्याने समोरून नवी बरणी आणली. ओट्याशी उभी राहून चमचाभर चाखला. लवंग! सापडली भवानी! खात्रीसाठी दुसरा चमचा घेतला, तर दालचिनीही लागली.

"कसा आहे गं?" मागून नवऱ्याने विचारलं.

तेवढ्यात दाताखाली वेलचीचा दाणा फुटला.