चोरीचं कवच

बोरदऱ्याच्या मारुतीच्या पारावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बाया पुढे, गडी मागे आणि पोरं पिंपळाला लटकलेली. सगळ्यांचे डोळे तीर्थानं भरलेल्या एका काचेच्या बरणीवर खिळले होते. कवची महाराजांनी बाही सारली, बरणीत हात घातला आणि अंडं बाहेर काढलं. काल सगळ्यांदेखत आत सोडलेलं ते टणक अंडं आता लिबलिबीत झालं होतं. कवच नावालाही उरलं नव्हतं. उन्हात धरलं तर आतला बलक हलताना दिसत होता. शंभर हात जोडले गेले आणि कुणीतरी महाराजांच्या पायाशी लोळण घेतली.

महाराजांचा गळा भरून आला. तो त्यांना हवा तेव्हा भरून येत असे.

"बगा माउल्यांनो, केशरबाईच्या घरचं अंडं हाय हे. तुमच्या कोंबड्यांचं कवच वढून तिनं आपल्या अंड्याला चढवलं. चोरीचं कवच तीर्थाला खपत न्हाई. तीर्थानं ते उतरवून दावलं."

गर्दीच्या मागे पंचशीला मुठी आवळून उभी होती. केशरबाई तिची आई. पंचशीला धारूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आईचा घाबरा फोन आला म्हणून ती काल संध्याकाळी गावी पोचली, तर पत्र्याच्या दाराला दगडांचे पोचे पडलेले, उंबऱ्यावर टाचण्या टोचलेली लिंबं आणि आई आतून कडी लावून बसलेली. गावानं ठरवलं होतं की तीर्थानं दोष दाखवला तर केशरबाईनं दिवस मावळायच्या आत गाव सोडायचं. ज्या घरात तिनं लेकरं वाढवली, नवऱ्याचं आजारपण काढलं, ते घर एका अंड्यावरून सुटणार होतं.

झालं होतं एवढंच. बचत गटाच्या बायांना जास्त अंडी देणाऱ्या सुधारित जातीच्या कोंबड्या मिळाल्या होत्या. हिवाळाभर गट खूश होता. उन्हाळा लागला आणि वत्सलाबाईच्या खुराड्यात पहिलं मऊ अंडं निघालं. मग शेजारी, मग पल्याडच्या आळीत. एकट्या केशरबाईच्या कोंबड्या टणक अंडी देत राहिल्या. शहाण्या गावात बायांनी तिला विचारलं असतं की बाई, तू काय वेगळं करतेस? बोरदऱ्यानं ठरवलं की ती भानामती करते. त्यात ती बौद्ध वस्तीतली, गावदेवीला नारळ न फोडणारी. संशयाला जागा आधीपासून सारवून ठेवलेली होती, महाराजांनी फक्त पाट मांडला.

त्यांनी घरोघर शिंपडायला तीर्थाच्या बाटल्या दिल्या आणि दाण्यात मिसळायला विभूतीच्या पुड्या. दक्षिणा अर्थातच ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे, पण श्रद्धा कमी पडली की महाराजांच्या कपाळावर आठी चढायची. पंचशीलाला खरा राग याचा होता की विभूतीचा गुण आला. वत्सलाबाईच्या कोंबड्या खरोखर टणक अंडी देऊ लागल्या. त्या दिवसापासून ती महाराजांच्या नावानं शपथा घेत होती आणि केशरबाईच्या नावानं बोटं मोडत होती. औषध निव्वळ थाप असतं तर पंचशीलाचं काम सोपं होतं. लागू पडणाऱ्या थापेचं काय करायचं, हे तिला कालपासून सुचत नव्हतं.

तेवढ्यात महाराजांनी सगळ्यांना दिसावी म्हणून बरणी उंच धरली आणि वाऱ्याबरोबर वास आला. वर कापूर, तुळस, पण त्याखाली नाकात घुसणारा आंबूसपणा. हा वास तिच्या ओळखीचा होता. धारूरच्या बसस्टँडसमोर नूडल्सच्या गाडीवर हाच वास येतो. आम्ल आणि कवच हा धडा तर ती दरवर्षी पोरांना शिकवत होती. आणि मग विभूती काय असेल, हेही तिच्या लक्षात आलं.

ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली. उपसरपंच शहादेव आडवे आले.

"मॅडम, आईचा कैवार घिऊन मधी पडू नका."

"कैवार न्हाई घेत, काका. महाराज म्हनतेत चोरीचं कवच उतरतंय. मग इमानाचं टिकाया पायजे का न्हाई?"

लोकांनी माना डोलावल्या. महाराजांनीही डोलावली. गर्दी डोलली की आपण डोलायचं, ही त्यांची जुनी सवय.

पंचशीला वत्सलाबाईकडे वळली. "मावशी, तुमच्या कोंबड्यांचं कवच तर विभूतीचं. एक अंडं आना घरून. तीर्थ आन् विभूती बी आना, तुमच्याजवळचीच."

आता महाराजांच्या ध्यानात आलं. देवाची परीक्षा घेऊ नये, त्यानं कोप होतो, असं त्यांनी बजावलं.

"माझ्या आईची घेतली तवा कावून न्हाई झाला कोप?" पंचशीलानं विचारलं.

वत्सलाबाई तोवर घराकडे निघालीही होती. तिला महाराजांची खात्री होती ना. ती सगळं घेऊन आली. पाराला लागून सत्तारचं चहाचं हॉटेल, त्यानं काचेचा मोठा ग्लास धुऊन दिला. वत्सलाबाईनं आपल्या हातानं तीर्थ ओतलं आणि आपल्या कोंबडीचं अंडं आत सोडलं. लगेच अंड्याच्या अंगावर बारीक बुडबुडे धरले आणि भराभर वर येऊ लागले. काल केशरबाईच्या अंड्याला आले होते तसेच.

"घ्या, वत्सलाबाईनं बी चोरलं वाटतं," सत्तार म्हणाला. मागे कुणीतरी हसलं.

महाराजांनी घाईघाईनं सांगितलं की मास्तरणीची सावली अंड्यावर पडली.

"बरं, मग विभूती टाका मावशी," पंचशीला म्हणाली. "तिच्यावर तर कुनाची सावली पडत न्हाई."

वत्सलाबाईनं पुडी उलटी केली. पांढरी भुकटी तीर्थात पडली आणि फेस उसळून काठावरून तिच्या बोटांवर आला. ती बोटांकडे बघत राहिली.

"म्हंजी इभूती बी चोरीचीच?"

"न्हाई मावशी. इभूती शिंपल्याच्या भुकटीची हाय. कोंबडीखाद्याच्या दुकानात पोत्यानं मिळती. आन् तीर्थ हाय ते व्हिनेगर. त्याच्यात कुनाचं बी अंडं टाका, कवच जातंयच."

मग तिनं वर्गात सांगावं तसं सांगितलं. अंड्याचं कवच शिंपल्यासारखंच कॅल्शियमचं असतं आणि कोंबडी ते खाण्यातून मिळवते. या जातीच्या कोंबड्या जवळपास रोज अंडं देतात. त्यांना जाळीत कोंडून नुसता मका घातला तर कवच आणायचं कुठून? त्यात उन्हाळ्यात त्या खातातही कमी. शिंपल्याची भुकटी पोटात गेली की कवच पुन्हा धरतं. गुण भुकटीचा होता, मंत्राचा नव्हता.

"मग केशरबाईच्या कोंबड्यांचं काय?" शहादेवांनी विचारलं. आवाज उतरला होता.

"तुमी भिंतींना ऑइलपेंट मारले. माझी आई दरसाल जयंतीच्या आधी घराला चुना लावती. उरलेला परसात टाकती, तो वाळून खडूवानी होतो. तिच्या कोंबड्या मोकळ्या हायेत, त्या ढिगात चोची मारतेत. जाऊन बगा भानामती."

महाराज एव्हाना जीपकडे सरकले होते. पण जीपसमोर सत्तारनं हॉटेलचं बाकडं आडवं टाकलं होतं आणि त्यावर तो स्वतः बसला होता. पंचशीलानं फोन करून बोलावलेले पोलीस येईपर्यंत महाराजांचा गळा एकदाही भरून आला नाही. बाईला भानामतीवाली ठरवणं हा कायद्यानं गुन्हा आहे. पंचशीलानं तक्रार दिली ती एकट्या महाराजांवर नाही. दारावर दगड मारणाऱ्यांचीही नावं तिनं दिली. गावातलं गावात मिटवू, असं शहादेव दोनदा म्हणाले. तिनं ऐकलं नाही, आणि बरोबरच केलं.

दुसऱ्या दिवशी बाया घमेली घेऊन केशरबाईच्या दाराशी आल्या. सगळ्यात मागे मान खाली घालून वत्सलाबाई. आल्या आल्या ती म्हणाली की आमचा नवनाथ येऊन दाराचे पोचे ठोकून सरळ करून देईल.

केशरबाईनं चुन्याचा ढीग दाखवला. "न्या. कोंबड्यांनी काय वाईट केलंय कुनाचं. पन दाराला हात लावू नगा. ते पोचे ऱ्हाऊ द्या तसेच. येता जाता दिसतेल तुमाला."

ते पोचे अजून तसेच आहेत.

कोंबड्यांना शिंपल्याची भुकटी घाला, नाहीतर अंड्याची टरफलं वाळवून, कुटून घाला. त्यांना मोकळं फिरू द्या. त्यासाठी कुठला महाराज लागत नाही. आणि सगळ्यांचं बिघडलेलं असताना शेजारणीचं एकटीचं नीट चाललेलं दिसलं, तर दगड उचलण्याआधी तिला एवढंच विचारा, बाई, तू काय वेगळं करतेस?