बाबांचा कारखाना किती लांब होता

माझ्या बोलण्यावर घरात कोणी विश्वास ठेवत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. मगरीच्या पाठीवर बसून शाळेत जायचे, असं मीच सांगितलंय. दोनदा. दुसऱ्यांदा मगर बदलली होती.

पण बाबांचं मी खोटं सांगत नव्हते. बाबा सुतार. नदीकाठी त्यांचा कारखाना, आणि त्यात गलबताची पन्नास फुटी डोलकाठी आडवी अख्खी मावायची. आता माझी नात घराण्याचा इतिहास छापतेय, नातेवाइकांना वाटायला. मी तिला पुरावाबाई म्हणते. पुरावा नाही, तर पुस्तकात जागा नाही. दोन दिवसांत पानं छापखान्यात जायची होती, आणि बाबांच्या वाट्याला एकच ओळ आली होती : 'व्यवसाय, सुतार.' जसे काही जन्मभर स्टुलंच ठोकत बसले!

त्या दुपारी ती गावाचा नकाशा घेऊन आली. नव्वद वर्षांपूर्वीचा, नव्याने छापलेला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले. नदीकाठच्या गल्लीत आमचा कारखाना सापडला.

नातीने पट्टी लावली. "आजी, पाऊण इंच. इथे लिहिलंय, एक इंच म्हणजे चाळीस फूट. म्हणजे कारखाना झाला तीस फूट. उरलेली वीस फूट डोलकाठी काय रस्त्यात झोपायची?"

"हो, आणि आई तिच्यावर कपडे वाळत घालायची," मी म्हटलं. आयुष्यात एकदा खरं बोलले, तर तेही पाऊण इंचात संपलं.

ती कप उचलायला लागली.

"थांब गं. हा कागद मूळ मापाचा आहे का?"

"अगं, हुबेहूब नक्कल आहे."

"हुबेहूब वेगळं, मापाचं वेगळं. चाळीस वर्षं शिवणकाम केलंय मी. एकदा लहान करून छापलेल्या कागदावरून तुझ्या आजोबांचा सदरा कापला. बाहुलीला छान बसला."

"ही पण थापच!"

"बाहुली दाखवू?"

नकाशाच्या तळाशी शंभर फूट दाखवणारी काळी-पांढरी रेघ होती. मी तिच्यावर बोट ठेवलं. "तुझ्या मापाने ही किती हवी?"

"अडीच इंच."

"मोज."

तिने मोजली. पुन्हा मोजली. चष्मा पुसून मोजली. सव्वा इंच. छापताना नकाशा निम्मा केला होता. त्याच्याबरोबर रेघही आखडली, 'एक इंच म्हणजे चाळीस फूट' हे शब्द मात्र तसेच राहिले.

"म्हणजे कारखाना साठ फूट," ती हळूच म्हणाली.

"डोलकाठी ठेवून वर दहा फूट. तिथे बाबा राजासारखे बसून चहा प्यायचे."

"चहाचं नाही लिहिणार हं."

पण डोलकाठीचं लिहिलं. माझ्यासमोर, पेनाने, चांगल्या चार ओळी. मग खुर्ची ओढून बसली. "बरं, उंच किती होता गं कारखाना?"

मी नकाशाकडे नीट पाहिलं. "यात उंची कळते?"

"छे, उंची कशी कळणार?"

"मग लिही," मी म्हटलं. "ढग आत शिरायचे, म्हणून वरच्या खिडक्या कायम बंद ठेवाव्या लागायच्या."