आठांतली सहा

मी एक जुनी लाकडी घंटा आहे, आणि खरं सांगू का मित्रांनो, माझा राग अजून उतरलेला नाही. दिग्गी गावच्या धाकलूने मला शिवणीच्या लाकडातून कोरलं. गिरजाच्या एकुलत्या एका गाईच्या, कपिलीच्या गळ्यात मी सात वर्षं वाजले. दाट रानात गाय दिसायची नाही, पण माझ्या आवाजावर गिरजा तिला नेमकी गाठायची. शेजारणींना कौतुकाने सांगायची, की ही घंटा म्हणजे माझा डोळाच.

आमच्या रानाजवळच्या कॅसलरॉकला आगगाडी येऊन वीसेक वर्षं झाली होती. त्या साली वाघाने गावची आठ गुरं नेली. त्यांतल्या सहांच्या गळ्यात घंटा होत्या. झालं! गावचा प्रमुख लखू म्हणाला, वाघ घंटा ऐकूनच येतो, सगळ्या काढून टाका. चोर सोडून संन्याशाला सुळी!

गुरं राखणाऱ्या फुलाला एकेक जनावर तोंडपाठ. तिने अंगणात राखेने चार घरं आखली आणि चिंचोके मांडले. वरच्या ओळीत घंटावाली तीस गुरं: सहा नेलेली, चोवीस वाचलेली. खालच्या ओळीत बिनघंटेची दहा: दोन नेलेली, आठ वाचलेली.

"तिसांत सहा, म्हंजे पाचांत एक," फुला म्हणाली. "दहांत दोन, त्ये बी पाचांत एकच. घंटा असो नसो, वाघाला फरक न्हाई. घंटावाली गुरंच जास्त हायत, म्हणून गेली बी जास्त."

"पण आठांत सहा हायत न्हवं?" लखू म्हणाला.

काय म्हणावं या माणसाला! तिसांत किती गेली हे विचारायचं सोडून आठांत किती, हेच तो घोकत बसला. चोवीस चिंचोक्यांच्या घराकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. फुलाचं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

भीतीपोटी गिरजानेही मला कपिलीच्या गळ्यातून काढलं. नवव्या दिवशी गाभण कपिली रानातून परतली नाही. कुठे रक्त नाही, वाघाचा ठसा नाही. नुसती वाट चुकली होती बिचारी, पण आवाजाविना ती शोधायची कशी?

मित्रांनो, हात जोडून सांगते, कुणावर आळ घ्याल तर आधी चारही घरं मोजा. गिरजा मला वाजवत तीन दिवस रानभर फिरली. मध्येच थांबायची, कान द्यायची, पुन्हा वाजवायची. अगं बाई, कान कशाला देतेस? तुझ्या गाईचा आवाज तुझ्याच हातात आहे.