एकाआड एक शनिवार

तिकीट सोडलं तर चष्मेवाल्याच्या पदरात नेमकं किती पडणार, याचा हिशोब त्याने पावतीपुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तीनदा मांडला होता आणि तिन्ही वेळा उत्तर एकच आलं होतं: वर्षाला दोन लाख सत्तर हजार. एवढ्या रकमेला त्याने जागाही ठरवून टाकली होती. दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचं जे जुनं यंत्र होतं, ते सुरू झालं की गिऱ्हाईक दचकून रस्त्याकडे बघायचं, कोणी कुत्र्यावर गाडी घातली की काय म्हणून. तिथे नवं, गुमान काम करणारं यंत्र येणार होतं.

हिशोब सरळ होता. घरच्या मैदानावरचे सामने वर्षाला अठरा, एकाआड एका शनिवारी. त्या दिवशी तो बारा वाजता दुकान बायकोच्या हवाली करून सासऱ्यांना घेऊन स्टेडियमवर जायचा. बायकोच्या सोबतीला सासूबाई येऊन बसायच्या. अशा शनिवारी गल्ल्यात पंधरा हजार जमतात, हे वहीत स्वच्छ दिसत होतं. सामना परगावी असला आणि तो स्वतः दुकानात उभा असला, की सहा. फार तर सात. याचं कारणही त्याने केव्हाच शोधून ठेवलं होतं. लोकांचे पगार पंधरवड्याने होतात, दुसरं काय. आता ऐन पगाराच्या शनिवारी, एकटी बायको आणि तोंडाने गप्पिष्ट सासू यांच्या भरवशावर जर पंधरा येत असतील, तर खुद्द मालक उभा राहिल्यावर तीस यायला काय हरकत आहे? जास्तीचे पंधरा हजार गुणिले अठरा. अकरा वर्षं दुकान चालवलेल्या माणसाचा गुणाकार होता, त्यात चूक निघणं शक्य नव्हतं. गुणाकारात नव्हतीच.

अडचण वेगळीच होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासऱ्यांनी जावयाला फुटबॉलच्या सीझन तिकिटाची भेट दिली, आपल्याच शेजारच्या खुर्चीची. जावई पडला कोणाचं फुकट न घेणारा. त्याने दुसऱ्याच दिवशी क्लबच्या कचेरीत जाऊन सासऱ्यांच्या खुर्चीचे पैसे भरून टाकले. पुढच्या वर्षी सासऱ्यांना मागे राहणं बरं दिसेना. असे नऊ वर्षं दोघे एकमेकांची तिकिटं भरत आले होते. क्लबची पत्रं आली की त्यांची अदलाबदल व्हायची, आणि "अहो कशाला, दर वर्षी तुम्हीच" हे वाक्य दोघे एकाच वेळी म्हणायचे. तेव्हा स्वतःचं तिकीट सोडायची सोयच राहिली नव्हती. सोडायचं म्हणजे सासऱ्यांचं भरायचं नाही. आणि ते त्यांच्या तोंडावर सांगायचं कसं?

यंदाची पत्रं आली तेव्हा नऊ हजारांचे दहा हजार आठशे झाले होते. भरायची मुदत महिनाअखेर.

त्याने आधी बायकोकडे खडा टाकून पाहिला. ती धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती आणि एका चादरीची दोन टोकं त्याच्या हातात होती.

"सीझन तिकीट महागलं यंदा. अठराशेने."

"टोक नीट धर."

"गेल्या अठरा सामन्यांत आपण जिंकलो किती? चार. म्हणजे एक विजय सव्वादोन हजाराला पडला."

"आणि बाकीचे चौदा सामने फुकटात बघितलेस, ते नाही धरलेस."

"मी खरंच बोलतोय. यंदा सोडून द्यावं म्हणतो. शनिवारी दुकानात लक्ष घालता येईल."

बायकोच्या हातातली चादर जराशी अडखळली. "आणि बाबांचं काय?"

"त्यांचाही गुडघा दुखतो..."

"बाबा रविवार उजाडला की पुढच्या शनिवारची वाट बघायला लागतात. त्यांना आता दुसरं आहे काय? तुला सोडायचं तर सोड, मी नाही म्हणत नाही. फक्त ते त्यांना तू सांगायचं, मला मध्ये घालायचं नाही." एवढं बोलून तिने त्याच्या हातातली दोन्ही टोकं काढून घेतली.

हंगामाचा शेवटचा सामना आला तेव्हा मुदतीला सहा दिवस उरले होते. आज सांगून टाकायचंच, असं ठरवून चष्मेवाला सासऱ्यांच्या मागोमाग स्टँडच्या पायऱ्या चढू लागला. खुर्च्यांपर्यंत पायऱ्या होत्या बासष्ट. सासऱ्यांनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. "जन्मभर लोकांना जिने चढू दिले नाहीत, त्याची वसुली चाललीय," असं ते विसाव्या पायरीवर म्हणायचे. चाळिसाव्या पायरीवर काहीच म्हणायचे नाहीत.

अर्धा सामना झाला, शून्य-शून्य. दुसरा अर्धा सुरू झाला तरी पाटीवर काही हललं नाही.

"आपला बचाव म्हणजे दार उघडं ठेवून निघालेली लिफ्ट आहे," सासरे म्हणाले. हे ते दर सामन्याला म्हणायचे, आणि दर सामन्याला ते खरं असायचं.

"बाबा, गुडघा कसा आहे?"

"एकदम मस्त. तुमचं दुकान?"

"मस्त." मग त्याने विषयाला हात घातला. "नाही, म्हटलं पुढच्या वर्षी या एवढ्या पायऱ्या..."

"पायऱ्यांचं काय घेऊन बसलात, जावईबापू. तुमच्यासाठी एवढ्या तर चढेनच."

"माझ्यासाठी?"

सासऱ्यांनी घाईने मैदानाकडे पाहिलं. तिथून मदत मिळण्यासारखं काही चाललेलं नव्हतं.

"बाबा, माझ्यासाठी म्हणजे?"

"आता विचारताच आहात तर सांगतो. आमची ही म्हणते, जावईबापू आठवडाभर त्या अंधाऱ्या खोलीत लोकांकडून अक्षरं वाचून घेतात, जीव उबगून जातो त्यांचा. शनिवारी तेवढीच मोकळी हवा. मित्रही कोणी नाहीत. तुम्ही नाही गेलात तर ते जाणार कोणाबरोबर?"

"मला मित्र आहेत."

"आहेत ना. असणारच."

"आणि तुमची मुलगी मला सांगते, बाबा रविवारपासून शनिवारची वाट बघतात."

"मी?" सासरे खुर्चीत अर्धवट वळले. "मला या फुटबॉलचा कंटाळा येऊन चार वर्षं झाली. तेव्हाच सांगितलं होतं मी हिला."

"मी तीन वर्षांपूर्वी सांगितलं. हिला."

खाली कॉर्नर मिळाला. आजूबाजूचे सगळे उठून उभे राहिले. हे दोघे नऊ वर्षांत पहिल्यांदाच बसून राहिले.

"म्हणजे तुम्ही माझ्यासाठी आणि मी तुमच्यासाठी," सासरे म्हणाले. "दोन मजल्यांवरून दोघांनी बटण दाबून ठेवलंय आणि लिफ्ट मधेच लटकलीय."

यावर दोघांना इतकं हसू आलं, की पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून पाहिलं. आपला चुकून गोल-बिल झाला की काय, असा त्याचा चेहरा होता. पंचवीस मिनिटं शिल्लक असताना दोघे उठले. पायऱ्या उतरता उतरताच ठरलं: कोणी कोणाचं भरायचं नाही. चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला. गाडीत त्याने सासऱ्यांना नव्या यंत्राची किंमत सांगितली, ते किती वॅटचं आहे हेही सांगितलं, आणि सासऱ्यांनी मोटर कुठली घ्यावी यावर आपलं मत दिलं. लगोलग दुकानात जाऊन दोघींना सांगून टाकू, म्हणजे विषय संपला.

दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे त्याने गाडी लावली आणि दोघे उतरले. तेवढ्यात खांद्याला पर्स लावलेल्या एक बाई त्यांच्यापाशी थांबल्या.

"अहो, समोरच्या चष्म्याच्या दुकानात आज कोण आहे हो? त्या बाई, की ते साहेब?"

"का?" चष्मेवाल्याने विचारलं.

"साहेब असले तर मी पुढच्या शनिवारी येईन. माझी बहीण गेली होती त्यांच्याकडे, भाचीचं लग्न म्हणून नवी फ्रेम घ्यायला. त्यांनी तिच्या जुन्याच चष्म्याचा स्क्रू आवळून दिला, एक पैसा घेतला नाही आणि म्हणाले, हा अजून पाच वर्षं चालेल. आता लग्नाच्या सगळ्या फोटोंत ती त्याच जुन्या चष्म्यात उभी आहे. माणूस देवासारखा आहे म्हणे. पण देवाकडे कोणी फ्रेम घ्यायला जातं का?"

"आज बाईच आहेत," सासरे पटकन म्हणाले. "जा तुम्ही."

चष्मेवाला जागच्या जागी उभा राहिला. दुकानातली दोन्ही स्टुलं भरलेली होती, चौघे उभे होते, आता ही पाचवी. दार उघडं असल्याने सासूबाईंचा आवाज रस्ता ओलांडून येत होता. एका जाडजूड गृहस्थांच्या नाकावरून त्या एक फ्रेम उतरवत होत्या.

"ही नको. हिच्यात तुम्ही उसने मागायला आल्यासारखे दिसता. ही घाला बघू. हं. आता देणाऱ्यांपैकी वाटता."

गृहस्थांनी आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि पाकीट काढलं. पलीकडे बायको एका मुलीच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजत होती. चष्मेवाल्याने धंद्याच्या नजरेने पाहिलं. पट्टी जिथे धरायला हवी तिथेच धरलेली होती.

त्याच्या डोक्यात वहीची पानं आपोआप उलटली. पंधरा, सहा, पंधरा, सात, पंधरा. लोकांचे पगार कुठल्या शनिवारी होतात याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तो नसतानाही पंधरा हजार येत होते असं नव्हे. तो नसायचा, म्हणून येत होते. नवं यंत्र जसं आलं होतं तसंच डोक्यातून निघून गेलं.

"जायचं आत?" सासऱ्यांनी विचारलं.

"थांबू जरा. गर्दी कमी होऊ दे."

दोघे परत गाडीत बसले. सासरे लगेच घोरायला लागले. चष्मेवाला दुकानाची पिशवी हातात घेऊन बाहेर पडणारी माणसं मोजत राहिला. पहिल्या तिघांपर्यंत त्याला अपमान वाटत होता. पाचव्यापासून तो गुणाकार करू लागला. नववा माणूस बाहेर पडला तेव्हा चष्मेवाल्याला त्याच्यासाठी दार उघडायला जावंसं वाटलं, पण त्याने स्वतःला आवरलं. उगाच धंद्यात विघ्न नको.

दुकान रिकामं झाल्यावर ते आत गेले. सासूबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "आज लवकर? एरवी साडेसहाच्या आत नसता येत."

चष्मेवाल्याने वही काढून काउंटरवर ठेवली आणि शनिवारांवर बोट फिरवलं. "हे तुला माहीत होतं?"

"चार वर्षांपासून," बायको म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"एका मुलीला तू सांगितलं होतंस, तुमच्या चेहऱ्याला काय, कुठलीही फ्रेम चालेल. ती डोळे पुसत घरी गेली. आता हे तुला कसं सांगायचं?"

"मी खरं तेच सांगितलं तिला."

"तेच तर." तिने वही मिटली. "हे बघ, तू तपासलेल्या नंबराचा एक चष्मा आजवर परत आलेला नाही. लोक सोमवार ते शुक्रवार डोळे तपासायला तुझ्याकडेच येतात आणि फ्रेमसाठी शनिवारी परत येतात. डोळे तुझे, नाकं आईची. इतकं छान चाललंय."

"मग शनिवारी मी घरी बसतो."

"बसाल," सासूबाई म्हणाल्या, "आणि पाचव्या मिनिटाला इथे डोकावाल."

"दहाव्या," बायकोने नवऱ्याची बाजू घेतली.

"मी मात्र खरंच घरी झोपेन," सासरे म्हणाले.

"तुम्ही? साखर कुठे आहे, चहापत्ती कुठे आहे, टॉवेल कुठे आहे, दर अर्ध्या तासाला फोन. मी एका हाताने फोन धरू की लोकांची नाकं?"

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. "तसं आता आवडतंय असं दाखवायची गरज नाही. मला तिथे झोपता येईल. हवा चांगली असते."

"मी पेपर नेत जाईन," चष्मेवाला म्हणाला. त्याने मघाशीच गाडीत हिशोब केला होता. एका सामन्याचे दोघांचे मिळून बाराशे, आणि तो दुकानात नसण्याचे आठ-नऊ हजार. जगात इतका फायद्याचा फुटबॉल कोणी बघत नसेल. बसल्या जागी कमाई, आणि शेजारी घोरणारा एक माणूस, ज्याच्याशी आता काहीही बोललं तरी चालणार होतं. नऊ वर्षांत प्रथमच त्याला पुढचा हंगाम कधी सुरू होतो असं झालं.

पत्रं काउंटरवर ठेवली गेली. एरवी त्यांची अदलाबदल व्हायची, या वेळी कोणीच हात पुढे केला नाही.

"अहो, या वर्षी तुम्ही..." दोघे एकाच वेळी म्हणाले.

सासूबाईंनी चष्म्याची एक डबी खटकन मिटली. "जावईबापू, आता एवढं उघड झालंच आहे, तर माझंही एक आहे. चार वर्षं मी इथे फुकट नाकं बघतेय. दर फ्रेममागे शंभर द्या. सामन्याच्या दर शनिवारी बारा फ्रेम कुठे गेल्या नाहीत, हिला विचारा. आणि वर्षाचे एकदम द्या, आगाऊ. मला सुट्या पैशांचा हिशोब जमत नाही."

शंभर गुणिले बारा गुणिले अठरा. चष्मेवाल्याचं उत्तर तयार होतं आणि पत्रांवरच्या दोन आकड्यांची बेरीजही तयार होती. दोन्ही उत्तरं एकच होती. ज्यांना सुट्या पैशांचा हिशोब जमत नाही त्यांच्याकडे त्याने एकवार नीट पाहिलं आणि गल्ल्याची किल्ली फिरवली.

सोमवारी सासूबाई स्वतः क्लबच्या कचेरीत जाऊन आल्या. बायकोने आपल्याला तिकीट घेऊन दिलं, हे सासरे पुढे महिनाभर भेटेल त्याला सांगत होते. दोन खुर्च्यांचे झाले एकवीस हजार सहाशे. सासऱ्यांनी यंदा काही भरलं नाही, चष्मेवाल्याच्या बायकोने काही भरलं नाही. सासूबाईंनी रोख भरले, पण ते गल्ल्यातून आले होते आणि गल्ला चष्मेवाल्याचा होता. नऊ वर्षं तो एक तिकीट भरत आला होता, या वर्षी त्याने दोन भरली, आणि वर सासूबाईंचे आभारही मानले.