निळ्या डोळ्यांचं लक्ष

यंत्राची बुबुळं निळी. हा रंग पुण्यात ठरला.

रनाळे गावात ओट्यावर मिरची वाळत घातलेली.

सासऱ्यासमोर निशाचा पदर हनुवटीपर्यंत.

मधूनमधून पापण्या मिटल्या की समोरच्याला वाटतं, आपलं ऐकून घेतलं जातंय. असं कंपनीच्या माहितीपत्रकात.

पोटातलं बाळ सकाळपासून हललेलं नाही.

तर सासऱ्याबरोबर नंदुरबार. नवा खासगी दवाखाना. दारात ते यंत्र, त्याला दोन वाटोळे डोळे. पेशंटचं ऐकायचं आणि नंबर द्यायचा, हे त्याचं काम. नंबराशिवाय आतलं दार उघडत नाही. शेजारी उमाकांत, कंपनीचा माणूस, टाय लावून.

"ताई, डोळ्यांकडे बघून बोला. ते लक्ष देतात."

निशा पदराआडून अहिराणीत बोलली. "सकायपाइन पोटमा लेकरू हालस नही."

डोळे वळले. तिच्याकडे नाही, सासऱ्याकडे. यंत्राला उघडा चेहराच कळतो, आणि उघडा चेहरा हिलालबापूंचा होता. बोलण्यातलं 'पोट' आणि 'लेकरू' एवढंच त्याने पकडलं.

"आपल्याला कितवा महिना?"

"मी काय पोटुशी शे का?" बापू म्हणाले.

"मी आपल्याकडे लक्ष देत आहे."

पापण्या मिटल्या, उघडल्या. इतक्या प्रेमाने बापूंकडे लग्नातही कुणी पाहिलं नसेल.

निशाने पुन्हा सांगितलं. डोळे बापूंवरच.

"तिला पदर वर करायला सांगा ना," उमाकांत बापूंना म्हणाला. तिच्याकडे त्यानेही पाहिलं नव्हतं.

बापूंनी भिंतीकडे तोंड केलं. निशाने पदर मागे टाकला. डोळे तिच्याकडे आले. मोठे, निळे, भरून आल्यासारखे दिसावेत म्हणून चकचकीत केलेले.

तिने तिसऱ्यांदा सांगितलं.

"मी आपल्याकडे लक्ष देत आहे. कृपया मराठीत बोला."

"बघा, आता कसं बघतंय," उमाकांत खूश.

"मंग तूच देख तेनाकडे," निशा म्हणाली, आणि आतल्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारू लागली.

यंत्रासमोर आता एकच चेहरा उरला. डोळे उमाकांतवर स्थिरावले.

"आपल्याला कितवा महिना?"

तो बटणं शोधत राहिला. रंजनाबाई नर्सने आतून दार उघडलं, निशाचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता तिला दंडाला धरून आत घेतलं.

मुलगी पुढच्या महिन्यात झाली, अडीच किलोची.