मिनलच्या वाटणीची दोन मुलं

इंजिनिअरिंग कॉलेजने यंदा नवी पद्धत सुरू केली होती. बारावीतून आलेल्या मुलांना पहिलं सत्र तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी सांभाळून घ्यायचं. काळेवाडीच्या मिनलच्या वाटणीला दोघं आली. एक चाकणजवळच्या गावातली तनुजा, दुसरा वाकडचा स्वराज.

काळजी घ्यायची ती तनुजाची, हे मिनलने पहिल्या भेटीतच मनाशी ठरवून टाकलं. मुलगी शेतकरी घरातली, मराठी शाळेत शिकलेली, विचारलं तेवढंच बोलणारी. स्वराजचं मात्र आठवडाभरात अख्ख्या कॉलेजशी सूत जमलं. सीनियर मुलं कँटीनमध्ये त्याच्यासाठी खुर्ची राखून ठेवत. ह्याला आपण काय शिकवणार, असं म्हणून मिनलने त्याला सोडून दिलं आणि ती तनुजाच्या मागे लागली.

लागली म्हणजे हात धुऊनच. लायब्ररी दाखवली, लॅब दाखवल्या, शंका मराठीत विचारली तरी चालते हे पुन्हा पुन्हा समजावलं. तनुजा प्रत्येक वेळी "व्हय ताई" म्हणायची. मिनलला वाटायचं, पोरगी फारच बुजलीय, अजून जोर लावायला हवा.

शेवटी एका दुपारी बसथांब्यावर तनुजानेच विषय काढला.

"ताई, राग मानू नका, पण माझं बरं चाललंय. गप बसायची सवयच हाय मला. आमच्या घरी आई आन चुलती बोलत्यात, बाकीच्यांना जागाच न्हाई." मिनलला हसू आलं. तनुजा मात्र गंभीर होती. "तुमी स्वराजकडं बघा जरा. ड्रॉइंगच्या तासाला तो येतच न्हाई. सर नाव घेत्यात आन पुढं जात्यात."

मिनलला आधी खरंच वाटेना. ती कँटीनमध्ये गेली, तर स्वराज घोळक्यात बसून सगळ्यांना हसवत होता. तिने त्याला बाहेर बोलावलं आणि ड्रॉइंगचं कसं चाललंय, एवढंच विचारलं. त्याने एक-दोन विनोद करून पाहिले. ती हसली नाही, तसा त्याचा आवाज खाली आला.

बारावीपर्यंत त्याला कोणी ना कोणी आठवण करून द्यायचं. क्लासमधून फोन यायचे, आई अभ्यासाला बसवायची. इथे कोणी विचारतच नव्हतं. त्यात ड्रॉइंगची पहिलीच शीट सरांनी चुका दाखवून परत दिली. त्याचं काम असं परत येण्याची ती पहिलीच वेळ. लाज वाटली म्हणून तो पुढच्या तासाला गेला नाही, आणि मग न गेल्याचीच लाज वाटू लागली. घरी मात्र सगळं मजेत असल्याचं सांगत होता.

आपणच सरांना भेटून हे मिटवावं, असं मिनलच्या ओठांवर आलं होतं. पण तनुजाला शिकवायच्या नादात आपण तिचं कधी ऐकलंच नाही, हे तिला आठवलं, आणि तिने स्वतःला आवरलं.

"सरांशी तूच बोल," ती म्हणाली. "मी दारापर्यंत येते."

स्वराज आत गेला आणि जरा वेळाने बाहेर आला. सर रागावले नव्हते. राहिलेल्या शीट सोमवारी आणून दे, एवढंच म्हणाले होते.

रविवारी तिघं काळेवाडीत मिनलच्या घरी जमली. शिफ्टवरून आलेल्या तिच्या वडिलांनी, नागसेन यांनी, खाट भिंतीला उभी करून जमिनीवर ड्रॉइंग बोर्डांना जागा करून दिली. तनुजा स्वराजच्या शेजारी बसली आणि तिचं तोंड जे सुरू झालं, ते थांबेचना. रेघ जाड झाली, पूस. माप पुन्हा घे. कोन बघ कुठं चाललाय.

"हिला गप्प कोण म्हणतं, राव?" स्वराज म्हणाला, तशी जाईबाई, मिनलची आई, भाकरी थापता थापता हसू लागली.

जेवणं झाली आणि स्वराजच्या आईचा फोन आला. तो जिन्यात गेला. बऱ्याच वेळाने परतला, तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा.

"सगळं सांगितलं," तो म्हणाला.

"मग आई काय म्हणाली?"

"आधी विचारलं, किती शीट राहिल्यात. मग विचारलं, जेवलास का."

सोमवारी सरांनी एक अपुरी सोडून सगळ्या शीट घेतल्या. ती एक स्वराजने तिथेच, तनुजाच्या शेजारच्या टेबलावर बसून पूर्ण केली.